खड्डा कोणी सोडला

तेहतीस वर्षं मी लालबागच्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं, पण मुलांच्या लक्षात राहिलो तो कॉपी पकडणारे सर म्हणून. आजही मसाला कांडून घ्यायला मार्केटात गेलो की एखादा पोट सुटलेला गृहस्थ मला बघून दचकतो आणि मग स्वतःच हसून नमस्कार करतो. चिठ्ठी कंपासपेटीत आहे की बुटात, हे मला मुलाच्या मानेवरून कळायचं. ज्याला उत्तर येत नाही तो छताकडे बघतो. ज्याच्याजवळ चिठ्ठी आहे तो मान वरच करत नाही. निवृत्त झालो तेव्हा शाळेने शाल आणि नारळ दिला, पण ही नजर कुठे जमा करायची ते कोणी सांगितलं नाही. ती माझ्याबरोबर घरी आली.

त्यामुळे गेल्या संक्रांतीच्या सुमारास माझी लेक एका तरुणाला घरी घेऊन आली, तेव्हा मी तयारीतच होतो.

लेक एकोणतीस वर्षांची. परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे पुन्हा हलते करते. तिची आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. तेव्हापासून चाळीतल्या या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. तरुण त्याच इस्पितळात एक्सरे काढतो, राहायला गिरगावात, घरी फक्त आई. त्याला आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, पण मी मनातल्या मनात त्याला ‘उमेदवार’ म्हणू लागलो आणि तेच बसलं.

उमेदवार पहिल्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मी विचारलं, “चहात साखर किती घेता?”

“चालेल, काका.”

“चालेल म्हणजे किती?”

“तुम्ही घ्याल तेवढी.”

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मला मधुमेह आहे, मी बिनसाखरेचा पितो. त्यानेही तसाच प्यायला, तोंड जरासुद्धा वाकडं न करता. आता स्वतःच्या चहाबद्दल ज्याला मत नाही, त्याला कशाबद्दल असणार? की मत आहे आणि तो ते दाबून ठेवतोय? दोन्ही मला सारखीच वाईट वाटली.

जेवायला मी मुद्दाम बांगडे करायला लावले होते. गिरगावातलं जुनं घर, आजोबा-पणजोबांपासून कारकुनी आणि कोर्टकचेऱ्या, पाहुणा काट्यांत अडकणार असा माझा होरा. आम्ही पडलो कोकणातून गिरणीत आलेल्यांची पोरं, मासा खाण्यात आम्ही कोणाला ऐकत नाही. पण उमेदवाराने डोक्यासकट बांगडा असा साफ केला की ताटात नुसता कणा उरला. तेही मला खटकलंच. इतका अभ्यास करून कोण येतं?

तो गेल्यावर लेक ताटं उचलता उचलता म्हणाली, “बाबा, मला तो आवडतो. लग्न करावं असं वाटतं. पण तुम्ही म्हणाल तसं. तुमच्या मनात नसेल तर नाही करणार.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. मी काही रडत बसणार नाही, काळजी करू नका.”

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. आजच्या काळात कुठली मुलगी असं म्हणते? मी एकट्याने वाढवली आणि कशी वाढवली, असंच मला वाटलं. पुढच्याच आठवड्यात उमेदवाराच्या आईचा निरोप आला, घाई नाही, पण पाडव्यापर्यंत काय ते कळवलंत तर बरं. म्हणजे लेकीचं लग्न होणार की नाही, हे आता माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द द्यायला माझ्याकडे जेमतेम दोन महिने होते. परीक्षा त्याची होती आणि पर्यवेक्षक मी.

माझी मोठी बहीण चिंचपोकळीला राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. माझी बायको गेल्यावर शाळा सुटली की लेक तिच्याकडेच असायची. अक्काने उमेदवाराला एकदाच, जिन्यात, दोन मिनिटं बघितलं आणि निकाल लावला, “पोरगो बरो आसा. होय म्हण नि मोकळो हो.” अक्का भाजीसुद्धा अशीच घेते, उलटून बघत नाही. मी तिला म्हटलं, मला पुरावा लागतो.

दुसऱ्या खेपेला उमेदवार हातात एक मोठा चौकोनी खोका घेऊन आला. खोक्यावर रंगीबेरंगी गोळ्यांची चित्रं, लाल, पिवळ्या, हिरव्या, चट्ट्यापट्ट्यांच्या. मधुमेह असलेल्या माणसाच्या घरी हा गोळ्या घेऊन येतो! मी काही बोलणार, एवढ्यात तोच म्हणाला, “खायचं नाहीये काका, खेळायचं आहे.”

“मीच सांगितलं आणायला,” लेक आतून म्हणाली. “तुम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसता.”

खोक्यात जाड पुठ्ठ्याचे बिस्किटाएवढे चौकोन होते. उमेदवार त्यांना टाइल म्हणाला.

“टाइल म्हणजे लादी,” मी म्हटलं. “म्हणजे हा लादी बसवायचा खेळ.”

“हो काका, लादीच.” लगेच कबूल! याचं मला काही कळेना.

खेळ साधा होता, दहा वर्षांच्या मुलालाही जमावा असा. प्रत्येक लादीच्या चार कडांवर अर्धी अर्धी गोळी. लादी लावताना कडेला कड अशी भिडवायची की दोन अर्धुकं जुळून एक पूर्ण गोळी झाली पाहिजे. खोक्यातल्या कागदावर गोळ्यांची परदेशी नावं होती, ती मी पहिल्याच दिवशी मोडीत काढली. पिवळी ती लिमलेट, पांढरी पेपरमिंट, केशरी श्रीखंडाची आणि तपकिरी चिंचेची. प्रत्येकाने आपल्या तीन लाद्या समोर उघड्या ठेवायच्या, पाळी आली की त्यातली एक लावायची आणि पिशवीतून नवी घ्यायची. जितक्या गोळ्या पूर्ण होतील तितके गुण. पण खरा डाव खड्ड्यात. लाद्या लावता लावता मध्येच एखादी जागा चारी बाजूंनी वेढली जाते. ती बरोब्बर चार गोळ्या जुळवणाऱ्या लादीने भरली की चार गुण आणि वर लाकडी साखरेचा एक खडा, ज्याचे आणखी पाच. ‘खड्डा’ हे नाव मीच दिलं. लालबागला राहून दुसरं नाव सुचणार कसं?

आमची बसायची जागा ठरून गेली. मी कॉटवर, उमेदवार समोरच्या खुर्चीवर, आणि लेक आमच्या मध्ये स्टुलावर, म्हणजे तिला उठून गॅसकडे जाता येईल. खेळाची पाळी तशीच फिरायची, आधी तो, मग ती, मग मी.

पहिला डाव मी जिंकलो. दुसरा मी जिंकलो. त्याच्या पुढच्या रविवारी तिन्ही मी जिंकलो.

मला खेळायला आवडतं आणि मला खेळता येतं. पत्ते असोत, बुद्धिबळ असो, आमच्या घरात मीच जिंकतो, ही जुनी रीत आहे. त्यामुळे आधी मी खूश होतो. पण तिसऱ्या रविवारी एक गोष्ट माझ्या नजरेला टोचली. मधोमध खड्डा होता, त्यात बसणारी लादी उमेदवारासमोर सताड उघडी पडली होती, आणि त्याने ती सोडून भलतीच लादी कडेला नेऊन लावली. मग लेकीची पाळी झाली, मग माझी, आणि खड्डा मी बुजवला.

“वा काका!” तो म्हणाला.

पाणी कुठेतरी मुरत होतं. मी त्याच्या मानेकडे बघितलं. मान सरळ होती.

बघा, हरणारा माणूस मला चालतो. वर्गात नापास होणाऱ्या मुलांवर मी कधी राग धरला नाही. पण मुद्दाम हरणारा माणूस फार धोक्याचा. जो सासऱ्याची मर्जी राखायला खड्डा सोडतो, तो उद्या साहेबाची मर्जी राखायला बायकोला सोडेल. गोड बोलून पोरी नेणारे आणि वर्षभरात खरे दात दाखवणारे मी याच चाळीत पाहिले आहेत. माझी लेक अशाच्या हाती पडली तर? ती तर तोंडातून ब्र काढणार नाही. ही भीती मला खरोखर वाटत होती, म्हणून मी तपास सुरू केला.

जुन्या कपाटात चौकटींच्या कागदाची एक कोरी गणिताची वही सापडली. दर रविवारी खेळताना उमेदवाराने खड्डा सोडला की मी “पाणी पितो” म्हणून उठायचो आणि आतल्या खोलीत जाऊन पटावरची मांडणी वहीत उतरवायचो. चौकट म्हणजे लादी, कडांवर अक्षरं, लि, पे, श्री, चिं. खाली तिघांच्या तीन तीन लाद्या. खरं तर मला त्याच्याच हव्या होत्या, पण अर्धी उत्तरपत्रिका तपासायची सवय मला नाही. पाणी इतक्या वेळा प्यायलो की लेकीने विचारलं, “बाबा, साखर वाढली का तुमची? तपासून घेऊ या.”

“काही नको,” मी म्हटलं.

फाल्गुन सरत आला तोवर वहीत चौदा आकृत्या जमल्या होत्या. चौदा वेळा हा माणूस माझ्यासाठी खड्डा सोडून बसला होता. पाडवा आठ दिवसांवर होता. त्या रविवारी संध्याकाळी खेळ संपल्यावर मी चपला घातल्या आणि म्हटलं, “चला, स्टेशनपर्यंत येतो तुमच्याबरोबर.” लेकीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून मला क्षणभर चोरट्यासारखं झालं. वही माझ्या कापडी पिशवीत होती.

चिंचपोकळीच्या पुलाजवळ एका केळेवाल्याच्या गाडीशी मी थांबलो.

“तुम्ही मुद्दाम हरता,” मी म्हटलं.

“कुठे काका?”

“कुठे म्हणजे? खेळात. मी आंधळा नाही.” आणि मी वही उघडून त्याच्या हातात दिली.

त्याने वही दोन्ही हातांत धरली आणि पहिली आकृती बराच वेळ बघितली. मी त्याची मान बघत होतो. तो छताकडे बघावं तसं वर, पुलाकडे, बघत म्हणाला, “सॉरी काका, पण यात माझं चुकलं कुठे?”

“ही तुमची तिसरी लादी. एकदा उजवीकडे फिरवा. बसते की नाही खड्ड्यात?”

त्याने मनात फिरवली असावी, कारण त्याचे ओठ हलले. मग तो एवढ्या मोठ्याने “अरेच्चा!” म्हणाला की केळेवाल्याने वळून पाहिलं. “फिरवून! काका, मला हे फिरवून दिसतच नाही हो. लादी जशी पडेल तशीच मी बघतो. आमच्या कामात फोटो फिरवून चालत नाही ना, डाव्याचं उजवं झालं तर डॉक्टर भलत्याच पायाला प्लास्टर घालतील.” आणि तो पानं उलटत गेला, प्रत्येक आकृतीवर “हेही? अरे, हेही?” करत. चौदाच्या चौदा चुका तशाच होत्या, लादी फिरवावी लागणाऱ्या. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. त्रिकोण जरा तिरका काढला की ज्यांना तो त्रिकोण वाटत नाही, अशी मुलं दर वर्षी माझ्या वर्गात असायची. त्यांना मी कधी लबाड म्हटलं नव्हतं.

“मी सगळीकडेच हरतो,” तो हसत म्हणाला. “घरी आईसुद्धा मला हरवते. आणि तुमच्या मुलीशी तर आमच्याकडे आता कोणी खेळायलाच बसत नाही. पार धुते ती आम्हाला. आई म्हणते, हिचे डोळे बांधा, मग मी खेळते.”

“कोण धुते?”

“तुमची मुलगी.”

“ती तर आमच्याकडे एकदाही जिंकलेली नाही.”

त्याचं हसू थांबलं. आपण भलतंच बोलून गेलो हे त्याला कळलं. “इथे... इथे तिचं लक्ष नसेल, काका. स्वयंपाक असतो ना. गॅसवर काहीतरी असतं.” बोलताना त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलला, आणि इतकं वाईट बोलला की याला त्याची सवय नाही, याबद्दल माझी खात्री पटली.

“जा तू आता,” मी म्हटलं. “आई वाट बघत असेल.” आपण त्याला ‘तू’ म्हटलं हे मला घरी पोचेपर्यंत जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक इस्पितळात गेली होती. मी चष्मा पुसला आणि वही पुन्हा पहिल्यापासून काढली, पण या खेपेला मधल्या लाद्यांकडे बघत. तिच्या लाद्यांकडे. त्या मीच माझ्या हाताने काढल्या होत्या आणि एकदाही वाचल्या नव्हत्या. वर्गातसुद्धा मी मागच्या बाकांवर डोळा ठेवून असायचो. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीच्या पेपराकडे कोण बघतं?

चौदापैकी अकरा आकृत्यांत खड्ड्यात बसणारी लादी तिच्यासमोरही होती. फिरवायची गरज नसलेली, सरळ, तशीच उचलून ठेवता येणारी. त्याची पाळी झाल्यावर तिची होती. त्याच्या आणि माझ्या मध्ये तीच बसली होती. अकरा वेळा तिने तो खड्डा बघितला होता, बाजूला दुसरीच लादी लावली होती, आणि भाजी हलवायला उठून गेली होती, म्हणजे मला वाटावं की मी जिंकलो.

पहिल्यांदा मला राग आला. माझ्याच घरात, माझ्याच मुलीने मला फसवावं? मी उठून तसाच अक्काकडे गेलो आणि वही तिच्यासमोर टाकली. अक्काला आकृत्या कळल्या नाहीत, पण मी काय म्हणतोय ते लगेच कळलं. ती पापड वाळत घालत होती, तिने हात थांबवलासुद्धा नाही.

“तां तुका आता कळला?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“मीच सांगितलंय तिका. तिची आवस गेली त्या वर्सा. तुका आठवणा नाय?”

मला आठवत नव्हतं. म्हणून अक्काने सांगितलं. बायको जाऊन दोन-तीन महिने झाले होते. आम्ही दोघं कॅरम खेळत होतो आणि लेकीने राणी घेतली, कव्हर दिलं आणि मला हरवलं. मी बोर्ड उचलून कपाटामागे टाकला आणि त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पोरगी अक्काकडे येऊन रडली, बाबा बोलत नाहीत, काय करू? आणि अक्काने तिला सांगितलं, “बापाशीक कच्चो लिंबू समज नि जिंकूक दी. लहान पोरांका नाय देत आपण? तसा.”

आमच्याकडे गल्लीत खेळताना एखादं अगदी लहान पोर मध्ये येतं, तेव्हा त्याला हाकलत नाहीत. त्याला कच्चा लिंबू करतात. त्याने धावायचं, ओरडायचं, आउट झालं तरी खेळायचं, आणि आपण जिंकलो म्हणून नाचायचं. बाकीच्यांनी एकमेकांना डोळा मारायचा. सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्याला नसतं.

“मी आपली एका दिवसापुरती सांगितलेली,” अक्का म्हणाली. आणि मग तिचा हात थांबला. “पोरगी आजून तसाच करता?”

माझी आठवण वेगळी होती. माझ्या आठवणीत तिची स्कॉलरशिपची परीक्षा आली म्हणून आम्ही कॅरम बंद केला होता. दोन दिवसांचा अबोला मी साफ पुसून टाकला होता आणि तिने तो एकोणीस वर्षं जपला होता. पत्त्यांत, बुद्धिबळात, व्यापाराच्या डावात. आणि नुसत्या खेळात कशाला? तिला कॉमर्सला जायचं होतं, मी म्हटलं सायन्स. तिला मैत्रिणींबरोबर केरळला जायचं होतं, मी म्हटलं एवढं लांब कशाला. दर वेळी ती हसून म्हणायची, बरं बाबा. मी याला संस्कार समजत होतो.

परत येताना चिंचपोकळीच्या पुलावर मी थांबलो. दोन महिने मी घाबरत होतो की उमेदवार तिला फसवेल आणि ती तोंडातून ब्र काढणार नाही. आणि मी ‘नाही’ म्हटलं असतं तर? तिने त्या माणसालाही तसंच बाजूला ठेवलं असतं, उठून भाजी हलवायला गेली असती, आणि मी जन्मभर समजत राहिलो असतो की मी बरोबर ओळखलं, मुलीचं भलं केलं. मला माझीच भीती वाटली. एवढी कधी कोणाची वाटली नव्हती.

हो म्हणायचं मी तिथेच ठरवलं. कसं म्हणायचं तेही मनात घोळवत राहिलो, कारण शब्द जड झाले असते तर तीच मला समजावत बसली असती.

पाडव्याच्या आदल्या शनिवारी तिला अर्धी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर मी खोका काढला. तो उमेदवाराने आमच्याकडेच ठेवला होता.

“आपण दोघंच?” ती म्हणाली. “त्याला बोलावू?”

“नको. दोघंच.”

आठ-दहा लाद्या लागल्या. मी आता पटाकडे बघत नव्हतो, तिच्या तीन लाद्यांकडे बघत होतो. खड्डा तयार झाला. वर लिमलेट, खाली चिंच, दोन्ही बाजूंना पेपरमिंट. तिची मधली लादी हुबेहूब तीच, सरळ. तिने डावीकडची उचलली.

“ती नको,” मी म्हटलं. “मधली लाव.”

“बाबा, मी माझं खेळतेय ना.”

“नाही खेळत. तू दहा वर्षांची असल्यापासून खेळलेली नाहीस.”

तिने हातातली लादी खाली ठेवली. बाहेर गॅलरीत कोणीतरी गुढीसाठी बांबू घासत होतं.

“अक्काने सांगितलं?”

“अक्काने नंतर. आधी मला दिसलं.”

“तुम्ही चिडाल,” ती म्हणाली. लोकांचे गुडघे दामटून वाकवणारी, इस्पितळात दहा जणांवर हुकूम चालवणारी माझी लेक, पण आवाज पार लहान झाला होता.

“चिडेन. माझा स्वभावच तसा आहे, आता या वयात तो कुठे जाणार? पण चिडलो तर चिडू दे. तू उठून जायचं नाहीस आणि लादी बदलायची नाहीस.”

तिने मधली लादी खड्ड्यात ठेवली. नीट बसली. तिने साखरेचा खडा उचलून आपल्याजवळ घेतला. त्यानंतर ती जी खेळली, ते मी पहिल्यांदा बघत होतो. लादी हातात येण्याआधीच तिला तिची जागा माहीत असायची. माझे खड्डे ती बुजवायची, स्वतःचे असे करायची की त्यात फक्त तिचीच लादी बसेल. मी चिडलो. सांगायला लाज वाटते, पण कानांच्या पाळ्या तापल्या, आणि खोका झटकून बंद करावा असं दोनदा वाटलं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. सुरुवातीला प्रत्येक लादी लावली की ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मग हळूहळू तिने ते सोडलं आणि पटाकडे बघू लागली.

शेवटी तिचे सात खडे झाले आणि माझा एक. ती म्हणाली, “मी जिंकले.” मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, “बाबा, मी जिंकले.”

“जिंकलीस,” मी म्हटलं. आता सांगून टाकावं म्हणून मी घसा साफ केला, पण तिने हात वर करून मला थांबवलं. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

“मला आधी बोलू द्या. मी त्याच्याशी लग्न करणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी करणार आहे. मग दोन दिवस बोलू नका, नाही तर दोन महिने. मी करणार.”

हो हा शब्द मी आठवडाभर जिभेवर घेऊन फिरत होतो. तिने तो मागितलाच नाही, आणि याचा मला एवढा आनंद झाला की तो तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही.